आठ आण्यावरचा माणूस

आमच्या गावात देवकाबाईंना सवाष्ण म्हणावं की नाही, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. हळदीकुंकवाला बोलावलं तर दोन-चार बाया एकमेकींकडे बघत. नाही बोलावलं तर देवकाबाई दुसऱ्या दिवशी स्वतः दारात येऊन विचारत, "काऊन वो, माहं घर रस्त्यात लागलं नाई का?" त्यामुळे बोलावणंच सोपं होतं. त्या येत, ऐटीत बसत, मोठं कुंकू लावून घेत आणि ओटीतले हरभरे तिथेच खाऊन टाकत.

आष्टीपासून तीन कोसांवरचं हे गाव. मी एकसष्ट साली तिथल्या शाळेत रुजू झालो, तेव्हा देवकाबाई पस्तिशी ओलांडलेल्या होत्या. दीर नत्थूजी आणि त्या मिळून दोन एकरांत भाजीची वाडी करत. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. आठवडी बाजारात विकायला देवकाबाईच बसत, कारण नत्थूजींना घासाघीस जमत नसे. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ते लाजून देऊन टाकत. नत्थूजींची बायको बाळंतपणात गेली. तिची मुलगी कोकिळा देवकाबाईंनीच वाढवली. कोकिळा त्यांना मोठीमाय म्हणे.

देवकाबाईंचा नवरा श्रावण बेचाळीसच्या ऑगस्टात आष्टीला गेला, तो परत आला नाही. त्या दिवशी आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. मेलेल्यांत श्रावणचं नाव नव्हतं. तुरुंगात गेलेल्यांतही नव्हतं. धरपकड सुरू झाल्यावर बरेच जण डोंगराकडे पळाले, त्यांत तो असेल असं म्हणत. पळालेले एकेक करून परतले. श्रावण तेवढा राहिला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

गेलेला माणूस बारा वर्षं आला नाही, तर पळसाच्या पानादेठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायची रीत आहे. चोपन्न साली नत्थूजींनी तो विषय काढला होता. देवकाबाई म्हणाल्या, "पानं जाळून मानूस मरते काय?" आणि विळा उचलून वाडीत गेल्या. दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नत्थूजी आईबापांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरून ठेवत. श्रावणच्या नावाची घागर मात्र देवकाबाई भरू देत नसत.

हे सगळं मी गावकऱ्यांकडून ऐकलेलं. पुढचं मी पाहिलेलं आहे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी, मधल्या सुट्टीत, देवकाबाई शाळेत आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी आठ आण्याचं एक नवंकोरं नाणं काढलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारनं ते काढलं होतं. एक पुरुष आणि एक बाई झेंडा धरून उभे, मागे संसद भवन, आणि १९४७ व १९७२ हे आकडे.

"गुर्जी, हे मागचं घर कुठचं व्हय?"

"दिल्लीचं. तिथून देशाचा कारभार चालतो."

"मंग हे तिथं काय करून राह्यले?"

"कोण?"

नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. नाण्यावरच्या पुरुषावर त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "देवकाबाई, नाण्यावरची माणसं कोणाची नसतात. चित्रकारानं मनानं काढलेली असतात. चेहरा पाहा, तिळाएवढाही नाही. नाक-डोळेसुद्धा नाहीत."

"चेहऱ्यावून नाई म्हनत मी. खांदा पाहा. लहानपनापासून डाव्या खांद्यावर कावड घेतली त्याइनं. थो खांदा खालीच जाते."

शाळेच्या विज्ञानपेटीत एक भिंग होतं. ते लावून मी पाहिलं. डावा खांदा किंचित खाली होता. शिक्का तिरपा बसला असेल, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण माझं म्हणणं त्यांना पटलं म्हणून नव्हे; मास्तर आहे, काहीतरी बोलणारच, अशी ती मान होती.

जाताना दारात थांबल्या. "आन थे बाजूची बाई कोन?"

"देशातली कोणतीही बाई."

"कोनतीबी?" त्यांनी नाणं लांब धरून पाहिलं. "दिसाले बरी हाय."

बाजारात त्यांच्या शेजारी चंद्रभान मिरची-मसाल्याचं दुकान मांडे. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. ही गोष्ट त्याला कळायला एक बाजार पुरला.

"काकू, काकानं दिल्लीले दुसरी केली म्हंते."

"करू दे. तुह्यासारखं घरी बसून मिरच्या तं नाई मोजत."

"पर तुमाले सवत आली ना."

"आली तं आली. झेंड्याले हात लावते थे. तुही बायको चुलीले तरी लावते का?"

शेजारपाजारची दुकानं हसत. देवकाबाई हसत नसत, वांगी पुसत बसत. पण त्या दिवसापासून ते आठ आणे त्यांच्या हातून परत गेले नाहीत. ते नाणं देणाऱ्याला मेथीची एक जुडी जास्त मिळे. हे कळल्यावर लोक मुद्दाम शोधून आणू लागले. बोहनीचं नाणं आमच्याकडच्या बाया कपाळाला लावतात, तसं त्या प्रत्येक नाणं कपाळाला लावत. झेंडा धरलेल्या त्या दोघांना कुंकवाची बारीक पूड लागे, आणि नाणं पदराच्या गाठीत जाई.

"कशाले जमा करून राह्यल्या, काकू?" चंद्रभाननं एकदा न हसता विचारलं.

"लोकाइच्या हातोहात फिरून राह्यले थे. कोनी दारूच्या दुकानात नेते, कोनी तिरडीवून उधळते. घरी आलेले बरे."

घरी लोणच्याची एक मोठी चिनी मातीची बरणी होती. एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत जमलेली नाणी जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून त्या बरणीत टाकत, वर कापड घट्ट आवळून बरणी ज्वारीच्या कोठीमागे ठेवत. बांधलेली चिंधी त्या पुन्हा सोडत नसत. मीही त्यांच्यासाठी नाणी आणू लागलो. पगाराच्या मोडीत आलं, कंडक्टरनं दिलं, की बाजूला ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर, मोड हातात पडली की माझी नजर आधी डाव्या खांद्यावर जाऊ लागली. शिक्का तिरपा बसला म्हणावं, तर तो दर नाण्यावर सारखाच कसा तिरपा बसला, हे मी कोणाला विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली कोकिळाचं लग्न झालं. सिंदी रेल्वे या गावी दिली. जावई कापसाच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर होता, निर्व्यसनी, कमी बोलणारा. ऐंशी साली कोकिळा पहिल्या खेपेला माहेरी आली आणि सातव्या महिन्यात मूल गेलं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तिच्यात काही दोष नाही. दोष नाही म्हटल्यावर घरच्यांनी तो दुसरीकडे शोधला. नत्थूजी वाडीच्या बांधावर बसून म्हणाले, "वयनी, दादाले पानी नाई भेटत. अडोतीस वर्सं झाली. घरचाच जीव ताहानला हाय, मंग घरात लेकरू कसं टिकन?"

नत्थूजी वाईट माणूस नव्हते. वहिनीचं कुंकू जावं असं त्यांना कधीच वाटलं नसेल. पण एका बाजूला वहिनीचं कपाळ होतं आणि दुसऱ्या बाजूला लेकीची कूस.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई माझ्याकडे आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, उंबरा चाचपत आल्या. हातात लुगड्याची हिरवी चिंधी होती.

"गुर्जी, हे पैल्या वर्साची गाठ. आज सोडली. पाहा बरं, हायेत ना उभे?"

मी भिंग घेऊन अंगणात उन्हात बसलो. गाठीतलं पहिलं नाणं पाहिलं. झेंडा होता, संसद भवन होतं, काठी धरलेली बाई होती. बाईच्या शेजारची जागा मोकळी होती.

झिजलेलं नाणं मी ओळखतो. त्याच्या कडा गोल होतात, आकडे बुजतात, सगळंच सपाट होत जातं. इथे आकडे कोरल्यासारखे धारदार होते, बाईच्या लुगड्याच्या चुण्या मोजता येत होत्या. पुरुष तेवढा नव्हता. त्याच्या जागी धातू साफ होता, पाटीवरून अक्षर पुसावं तसा. दुसरं नाणं पाहिलं. तिसरं पाहिलं. ही नाणी बाजारात फिरलेलीच नव्हती. सात वर्षं गाठीत बांधून बरणीत होती. यांतली चार तर मीच आणून दिली होती, आणि तेव्हा तो त्यांवर होता.

"हायेत ना?" देवकाबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "आहेत."

माझ्या नोकरीत मी मुलांना खोटं बोलू नका एवढं एक तरी शिकवलं असेल. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून सरळ निघाला. देवकाबाईंनी गाठ पुन्हा बांधली. संध्याकाळी नत्थूजींना सांगितलं, "गुर्जीनं भिंगातून पाह्यलं. हायेत." नत्थूजींनी मान खाली घातली. मास्तरच्या शब्दापुढे ते बोलत नसत.

ब्याऐंशी साली कोकिळाचं दुसरं मूल एक दिवस जगलं.

मी या गोष्टी मानत नाही. पण ज्या दिवशी ते लहानसं गाठोडं घेऊन नत्थूजी आणि जावई नदीकडे गेले, त्या दिवशी मी शाळेत फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा होतो. पोरांना वाटलं, मी गणित आठवतो आहे.

चौऱ्याऐंशीत कोकिळाला तिसऱ्यांदा दिवस गेले. आता गावात कोणी बोलत नव्हतं, पण तिच्याकडे बघतही नव्हतं. त्या वर्षीच्या अखजीला मी ठरवून देवकाबाईंच्या घरी गेलो. भर दुपार होती. पानही हलत नव्हतं. अंगणात नत्थूजींनी दोन घागरी मांडल्या होत्या आणि शेजारी तिसरी जागा शेणानं सारवून ठेवली होती. ती जागा ते दर वर्षी सारवत. कोकिळा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

मी म्हणालो, "देवकाबाई, मी चार वर्षांपूर्वी तुम्हाला खोटं सांगितलं."

"बसा," त्या म्हणाल्या. "पानी घ्या आंधी."

मग त्या आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. सूप पुढ्यात ओढलं. अकरा वर्षांच्या अकरा चिंध्या एका ओळीत मांडल्या. रंगावरून नाही, हाताच्या स्पर्शावरून ओळखून त्यांनी त्या जुन्यापासून नव्यापर्यंत लावल्या. मी भिंग काढलं. पहिल्या गाठीत पुरुष नव्हता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गाठीतही नव्हता. पाचव्या-सहाव्यात धुक्यातून कोणी यावं तशी नुसती एक रेघ. आठव्यात खांदे दिसू लागले. शेवटच्या, याच वर्षीच्या गाठीत तो पूर्ण उभा होता, डावा खांदा खाली टाकून.

मी जे दिसलं ते गाठीगणिक सांगत गेलो. नत्थूजी माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

देवकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्या गाठीतलं एक नाणं उचलून त्यावर अंगठा फिरवला.

"मले मालूम हाय, गुर्जी. डोये गेले, आंगठा नाई गेला. तुमच्याकडं आलती तवाबी मालूम होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"कोनीतरी 'आहेत' म्हनावं, असं वाटलं. तुमी म्हनलं." त्यांनी नाणं सुपात ठेवलं. "चार वर्सं पुरलं थे."

देवकाबाई गाठींवरून हात फिरवत होत्या, जुन्यापासून नव्यापर्यंत, पुन्हा नव्यापासून जुन्यापर्यंत.

"जे आंधी घरी आले, थे सुटले," त्या हळू म्हणाल्या. "जे आत्ता आले, थे आजून उभे. आन जे बाहीर हायेत, थे उभेच हायेत. बेचाळीसपासून."

त्यांचं बोलणं कुठे चाललं आहे ते कोकिळाला कळलं. ती उठली, पोटावर हात धरून त्यांच्याजवळ येऊन बसली. "मोठीमाय, माह्यासाठी नको करू."

"तुह्यासाठी नाई वो बाई," देवकाबाई म्हणाल्या. "त्याइचे पाय दुखले असतीन."

मग दिराकडे तोंड वळवून म्हणाल्या, "भाऊजी, थे घागर भरा. आन पळस पाहा."

चौथ्या दिवशी वर्धा नदीच्या काठी विधी झाला. तीनशे साठ देठ मोजून त्यांचा माणूस बांधला होता, वर पांढरं कापड. भटजींनी नारळाचं डोकं ठेवलं. तिरडीला खांदा द्यायला नत्थूजी, जावई, चंद्रभान आणि मी. पानं आणि देठच ते, शाळेतल्या पोरानं एका हातानं उचलावीत एवढी. मागे मी डाव्या बाजूला होतो. दहा पावलं गेलो नाही तोच माझा खांदा दुखू लागला. मी बापाला आणि भावाला खांदा दिला आहे. माणसाचं वजन कसं लागतं ते मला माहीत आहे.

बाजूनं चंद्रभान दबक्या आवाजात म्हणाला, "गुर्जी, तुमच्याकडंबी जड हाय का?"

"चल," मी म्हणालो.

"डावीकडं उचला जरा. डाव्या अंगाले कलून राह्यलं."

वारा नव्हता. चौघांची उंची कमी-जास्त होती हे खरं; जावई उंच आणि तो उजवीकडे होता. मी तेच मनाशी धरून चालत राहिलो. पुढे नत्थूजींनी दोनदा खांदा बदलला. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडातल्या तोंडात "दादा, आलंच" असं म्हटल्याचं मी ऐकलं.

देवकाबाई पाण्याजवळच्या दगडावर बसल्या होत्या. बांगड्या फोडायला म्हाताऱ्या बाया पुढे झाल्या, तर त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःच दगडावर मनगट आपटलं, आधी डावं, मग उजवं. कुंकू नदीच्या पाण्यानं धुतलं. चव्वेचाळीस वर्षांच्या कुंकवाखालची कातडी फिकट, लहान मुलाच्या कातडीसारखी निघाली. त्या कपाळाकडे मला बघवेना. सरण पेटलं तेव्हा ओल्या देठांचा आवाज झाला, इतर कसला झाला नाही. खूप वेळ जळलं. एवढी पानं इतका वेळ जळत नाहीत.

आश्विनात कोकिळाला सेवाग्रामला मुलगी झाली. वेळ भरून, रडत, चांगल्या वजनाची. डॉक्टर म्हणाले, या वेळी कोकिळानं वेळेवर सुया-गोळ्या घेतल्या, आराम केला. तेही खरंच आहे. त्या मुलीची आज स्वतःची मुलं शाळेत जातात, आणि त्याचा नाण्यांशी काही संबंध जोडायची माझी इच्छा नाही.

मुलगी दीड महिन्याची झाली, तेव्हा देवकाबाईंनी मला निरोप धाडला, भिंग घेऊन या. बरणी पुन्हा बाहेर आली. या वेळी मी सगळ्या गाठी सोडल्या आणि एकेक नाणं पाहिलं, शेवटच्या वर्षीचीसुद्धा. दोन तास लागले. देवकाबाई मांडीवर पोर घेऊन बसल्या होत्या.

"कोनत्यात हायेत?"

"नाहीत."

"एकातबी नाई?"

"एकातही नाही."

"खरं सांगून राह्यले ना, गुर्जी?"

"खरं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली.

पुढच्या बाजारी त्या ती सगळी नाणी घेऊन आष्टीला गेल्या. मलाही सोबत चला म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. मोड देताना नजर चुकू नये म्हणून असेल. वांगी स्वस्त होती, गर्दी होती. गिऱ्हाईक रुपया देई, देवकाबाई चाचपून आठ आणे परत करत. एका बाईनं सांभारासाठी भांडण केलं आणि जिंकलं. मोड पदरात बांधून ती खुशीत निघून गेली. एका म्हाताऱ्यानं नाणं दाताखाली दाबून पाहिलं आणि खिशात टाकलं. शंभर माणसं तरी आली असतील. झेंडा धरलेली एकटी बाई प्रत्येकाच्या हातात जात होती, आणि एकालाही शेजारची मोकळी जागा दिसली नाही. एकही नाणं परत आलं नाही.

चंद्रभाननं मिरचीच्या मोडीत एक मागून घेतलं. नाणं उन्हात धरून तो बघत राहिला. त्याचं तोंड उघडलं, काहीतरी जुनं, सवतीचं, ओठांवर आलेलं दिसलं मला. मग त्यानं ते गिळलं आणि नाणं गल्ल्यात न टाकता सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं.

ऊन उतरलं तशी देवकाबाईंनी टोपली उपडी करून झटकली, पाण्याचा हबका मारून उरलेली मेथी गोणपाटात गुंडाळली आणि माझा हात धरून उठल्या.

"चाला गुर्जी, लवकर," त्या म्हणाल्या. "मांगून गेलं तं यष्टीत बसाले जागा भेटत नाई."